एज ऑफ एम्पायर्स टू मध्ये पुढची सिव्ह कोणती येणार, याचा अंदाज नीट कसा बांधायचा

एज टू म्हणजे जुन्या काळच्या राज्यांना लढवायचा कॉम्प्युटर गेम. त्याची नवीन डीएलसी (विकत घ्यायची भर, जिच्यात बहुतेक वेळा नवीन सिव्ह म्हणजे सिव्हिलायझेशन, खेळायला मिळणारे नवे लोक येतात) येणार अशी नुसती कुणकुण लागली की दोन दिवसांत याद्या सुरू होतात. कोणी तिबेटी म्हणतं, कोणी व्हेनिसवाले, कोणी स्वाहिली, आणि आपलं मराठी पब्लिक असेल तर मराठे पहिल्या नंबरला असतातच. यादी करायला मजा येते, मी पण करतो, पण त्यातल्या बऱ्याच याद्या म्हणजे आपल्याला काय हवंय एवढंच असतं आणि डेव्हलपर काय बनवतील हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला जमलं की अंदाज बऱ्यापैकी लागायला लागतात, आणि चुकले तरी का चुकले ते कळतं, आणि त्यात इतका इतिहास वाचून होतो की शाळेत झाला नसेल. मी कसं करतो ते सांगतो, नवीन लोकांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी जुना हिशोब डोक्यात पक्का बसवा. १९९९ ला ओरिजिनल गेम आला तेव्हा १३ सिव्ह होत्या, २००० साली द कॉन्करर्स मध्ये ५ आल्या (अझ्टेक, माया, हूण, कोरियन, स्पॅनिश), आणि मग तेरा वर्षं काहीच नाही. २०१३ ला द फरगॉटन आलं आणि ते कोणी केलं तर चाहत्यांनीच, आधी तो फुकटचा मॉड (खेळाडूंनी स्वतः गेममध्ये केलेली भर) होता, मग मायक्रोसॉफ्टने तो ऑफिशियल केला आणि ती मॉडवाली टीम म्हणजेच आजचे फरगॉटन एम्पायर्स. हे लक्षात ठेवायचं कारण असं की आज सिव्ह निवडणारी माणसं मुळात आपल्यासारखीच याद्या करत बसणारी होती, त्यांना इतिहासातले कानेकोपरे माहितीयेत, त्यामुळे "एवढं अनोळखी नाव ते कशाला घेतील" हा मुद्दा इथे फारसा चालत नाही. कुमान घेतले, गुर्जर घेतले, खितान घेतले, अजून काय पाहिजे.

त्यानंतर २०१५ ला आफ्रिका, २०१६ ला आग्नेय आशिया, २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशनसोबत बल्गेरियन, कुमान, लिथुआनियन आणि तातार, २०२१ ला आधी बर्गंडी-सिसिली (लॉर्ड्स ऑफ द वेस्ट) आणि ऑगस्टमध्ये पोलंड-बोहेमिया (डॉन ऑफ द ड्यूक्स), २०२२ ला आपलं डायनेस्टीज ऑफ इंडिया, २०२३ ला रोमन आणि मग आर्मेनिया-जॉर्जिया (माउंटन रॉयल्स), २०२५ ला थ्री किंगडम्स. द लास्ट चीफटन्स मधून दक्षिण अमेरिकेचे मुइस्का, मापुचे आणि तुपी. मध्ये क्रॉनिकल्स नावाची वेगळी लाइन सुरू झाली, ग्रीस आणि अलेक्झांडरवाली, ती कॅप्चरएज या दुसऱ्या टीमच्या लोकांनी केली, तिचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा कारण तिथे काळच वेगळा आहे.

आता ही यादी एकदा नीट बघितली की सवयी दिसतात. एक म्हणजे सिव्ह सहसा एकट्या येत नाहीत, शेजाऱ्याला घेऊन येतात, एक प्रदेश धरला की त्यातल्या दोन ते पाच. त्यामुळे कोणी म्हणालं की पुढच्या डीएलसीत स्विस, नेपाळी आणि हाउसा येणार तर तिथेच सोडून द्यायचं, द फरगॉटन नंतर असं सहसा झालेलं नाही. (आफ्रिकेच्या डीएलसीत पोर्तुगीज आले होते, पण त्यांचा आफ्रिकेच्या किनाऱ्याशी संबंध आहे, ते ओढूनताणून नव्हतं.) रोमन एकटे आले, पण ते रिटर्न ऑफ रोम या मोठ्या पॅकच्या मागे लागून आले.

दुसरी सवय म्हणजे छत्री फोडायची. खूप मोठ्या प्रदेशाला एकच सिव्ह दिलेली असते तिला चाहते छत्री म्हणतात. २०१३ ची इंडियन्स ही सगळ्यात मोठी छत्री होती, दिल्लीपासून तंजावरपर्यंत सगळे एकच, आणि २०२२ ला ती फोडून हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविडियन आणि बंगाली अशा चार केल्या. स्लाव्ह तसेच ठेवून पोल आणि बोहेमियन बाहेर काढले. चायनीज मधून नाही म्हटलं तरी जुर्चेन आणि खितान वेगळे झाले. म्हणजे अंदाज बांधताना पहिला प्रश्न हा विचारायचा की आज सगळ्यात ताणलेली छत्री कुठली. माझ्या मते सॅरासेन्स, म्हणजे इजिप्त, सीरिया, इराक, अरबस्तान सगळं एकात कोंबलंय. इटालियन्स आणि व्हायकिंग्ज पण तशाच.

तिसरी सवय कॅम्पेनची, म्हणजे एकेका नायकाची गोष्ट सिनॅरिओ नावाच्या ओळीने येणाऱ्या डावांतून सांगायची. नवीन सिव्हला बहुतेक वेळा एक कॅम्पेन मिळते आणि त्याच्याबरोबर एखाद्या जुन्या, राहून गेलेल्या सिव्हला पण मिळून जाते. लॉर्ड्स ऑफ द वेस्ट मध्ये ब्रिटनना लाँगशँक्स मिळाला, डॉन ऑफ द ड्यूक्स मध्ये लिथुआनियनना अल्गिर्दास आणि केस्तुतिस, माउंटन रॉयल्स मध्ये पर्शियनना शाह इस्माइल. हे उलटं वापरता येतं. कोणत्या जुन्या सिव्हला अजून स्वतःची कॅम्पेन नाही ते बघायचं, आणि तिच्या आजूबाजूला नवीन सिव्ह बसते का ते बघायचं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. जुन्या कॅम्पेन्स उघडा आणि खेळाडूंची नावं वाचा. खरंच, नुसती नावं. १९९९ चं बार्बारोसा कॅम्पेन, पहिलाच सिनॅरिओ, होली रोमन एम्परर. डिप्लोमसीची खिडकी (कोण मित्र, कोण शत्रू ते दाखवणारी) उघडली की समोर सहा नावं येतात, ऑस्ट्रिया, स्वेबिया, सॅक्सनी, बव्हेरिया, बोहेमिया आणि बर्गंडी. पुढच्या सिनॅरिओत पोलंड. आता आठवा, २०२१ ला कोणत्या सिव्ह आल्या? बर्गंडियन, बोहेमियन, पोल. बावीस वर्षं ही नावं त्या खिडकीत उभी होती, त्यांना दुसऱ्या कोणाचे तरी सैनिक आणि दुसऱ्या कोणाची तरी भाषा देऊन काम चालवलं होतं. चंगीझ खानच्या कॅम्पेनमध्ये कारा-खिताई आहेत, जिन आहेत. कारा-खिताई म्हणजे पश्चिमेला गेलेले खितान आणि जिन म्हणजे जुर्चेनांचं राज्य, दोघंही २०२५ ला आले.

म्हणजे काय करायचं, तर एक वही किंवा साधी शीट घ्या, प्रत्येक कॅम्पेनमधली खेळाडूंची नावं एका रकान्यात आणि गेमने त्यांना कोणती सिव्ह दिलीये ते दुसऱ्यात. जिथे जुळत नाही तिथे खूण. एका वीकेंडचं काम आहे आणि हे करताना जुने सिनॅरिओ परत खेळणं होतं तो बोनस. पण इथे एक पथ्य पाळायचं, नाव आहे म्हणून लगेच उडी मारायची नाही. स्वेबिया आणि सॅक्सनी पण त्याच खिडकीत आहेत आणि त्यांची सिव्ह कधीच येणार नाही, कारण ते जर्मनच आहेत आणि ट्यूटन्स त्यांना व्यवस्थित सांभाळतात. खूण केल्यावर विचारायचं की यांची भाषा वेगळी होती का, लढायची पद्धत वेगळी होती का, यांच्या नावाने एक तरी हत्यार आठवतं का.

हत्याराचा मुद्दा लोक हलका घेतात, पण सिव्ह उभी राहते ती युनिक युनिटवर, म्हणजे फक्त तिलाच मिळणाऱ्या सैनिकावर. बोहेमियन म्हटलं की हुसाइट वॅगन, म्हणजे यान झिझकाच्या लोकांनी खरोखर वापरलेल्या लढाऊ गाड्या. जुर्चेन म्हटलं की आयर्न पॅगोडा, जिन राज्याचं ते नखशिखांत चिलखत घातलेलं घोडदळ. द्रविडियन म्हटलं की उरुमी, ती पट्ट्यासारखी लवचिक तलवार. तुमच्या लाडक्या सिव्हचं असं एक चित्र डोळ्यासमोर येत नसेल, नुसतं "चांगले तिरंदाज होते" एवढंच सांगता येत असेल, तर तिचे चान्स कमी समजा. याशिवाय दोन युनिक टेक्नॉलॉजी (फक्त तिच्याच सुधारणा) लागतात, टीम बोनस (साथीदारांनाही मिळणारा फायदा) लागतो, वंडर म्हणून दाखवता येईल अशी इमारत लागते, आणि बोलायला भाषा लागते. भाषेचं मोठं काम असतं कारण गावकऱ्यापासून राजापर्यंत सगळ्यांचे आवाज रेकॉर्ड करावे लागतात, मग मेलेली भाषा असेल तर जवळची कुठली तरी शोधावी लागते. आणि पाच-सहा सिनॅरिओंची गोष्ट सांगता येईल असा एक माणूस किंवा बाई. सगळं मिळून बघितलं की वीस नावांच्या यादीतली बारा आपोआप गळतात.

आता मराठ्यांबद्दल बोलूया कारण हा प्रश्न दर वेळी येतोच.

गेमचा काळ साधारण रोमच्या पडझडीपासून १६०० च्या आसपासपर्यंत. अलीकडे खालची कड त्यांनी सरळ मोडलीये, थ्री किंगडम्स तर तिसऱ्या शतकातलं आहे. पण वरची कड अजून घट्ट आहे. कॉन्करर्स मधला नोर्यांग पॉइंट हा सिनॅरिओ १५९८ चा, लेपांतो १५७१ चं, आणि १६०० ओलांडून खोल आत त्यांनी सिव्ह नेलेली नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा आणि राज्याभिषेक १६७४ चा. मला पण महाराजांची कॅम्पेन खेळायचीये, प्रतापगड, पन्हाळा, आग्रा हे सगळं मला स्क्रीनवर बघायचंय, पण एज टू मध्ये ती येणार असं म्हणणं म्हणजे इच्छेला अंदाज म्हणणं आहे. त्यांची खरी जागा एज थ्री होती, तिथला काळ बरोबर बसतो, पण जानेवारी २०२५ मध्ये एज थ्री चं पुढचं काम थांबवत असल्याचं जाहीर झालं, येऊ घातलेली डीएलसी पण रद्द झाली. तो दरवाजा सध्या बंद आहे.

पण म्हणून दख्खन संपलं असं नाही, आणि इथे खरं काम सुरू होतं. मी ही केस कशी मांडतो ते सगळं सांगतो, म्हणजे पद्धत कळेल.

नावापासून सुरुवात. गेममध्ये सिव्हला लोकांचं नाव देतात, घराण्याचं नाही (शू, वेई आणि वू हा अपवाद, आणि त्यावर किती राडा झाला ते पुढे सांगतो). म्हणून "यादव" हे नाव कमकुवत आहे. पण इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता आणि त्याने तिथल्या लोकांचा उल्लेख मराठे असाच केलाय. म्हणजे नाव गेमच्या काळात बसतं, फक्त आपल्या डोक्यात ते नाव सतराव्या शतकाला चिकटलंय म्हणून अडचण होते. काळ देवगिरीच्या यादवांपासून अहमदनगरच्या निजामशाहीपर्यंत धरायचा, म्हणजे बाराव्या शतकाच्या शेवटापासून १६०० पर्यंत. आरामात बसतो.

मग हिरो. बरेच जण सिंघण यादव म्हणतात आणि तो चांगला आहे, पण मी चांदबिबीवर पैसे लावीन. बघा कसं जमतं ते. १५६५ ची तालिकोटची लढाई, तिचा बाप हुसेन निजामशहा जिंकणाऱ्या बाजूला, समोर विजयनगर म्हणजे गेममधले द्रविडियन. मग विजापूरला लग्न, १५८० ला नवरा अली आदिलशहा गेल्यावर तिथला कारभार आणि दरबारातली भांडणं. मग १५९५ ला मुघलांचा अहमदनगरला वेढा, समोर शहजादा मुराद म्हणजे हिंदुस्तानी. या वेढ्यात मुघलांनी तटाखाली सुरुंग लावून भगदाड पाडलं आणि तिने स्वतः तिथे उभं राहून रातोरात ते बुजवून घेतलं. ज्याने हा गेम खेळलाय त्याला हे वाचताना काय दिसतं? पेटार्ड (भिंतीला भिडून स्फोट करणारा सैनिक) फुटतोय, भिंत पडतेय, आणि मागून दहा गावकरी धावत येऊन दगड संपायच्या आत नवीन भिंत उभी करतायत. हा सिनॅरिओ तर लिहून तयार आहे राव. त्यानंतर १५९७ ला गोदावरीकाठची सोनपेठची लढाई आणि १६०० ला शेवट. पाच सिनॅरिओ, तीन ओळखीच्या सिव्ह, आणि काळाच्या आत.

युनिक युनिट बारगीर. दख्खनच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा वरून मिळायचा. गेममध्ये हे सुंदर बसू शकतं, म्हणजे स्वस्त, चपळ, रसद तोडणारा घोडेस्वार, गावकऱ्यांवर आणि ट्रेड कार्टवर तुटून पडणारा. बोनस म्हणून लोक लगेच डोंगरी किल्ले सुचवतात, उंचावरून जास्त मारा वगैरे, आणि इथे थांबून तपासायचं असतं. उंचावरून जास्त नुकसान करण्याचा बोनस तातारांकडे आहे, आणि उंचावर असताना कमी मार खाण्याचा जॉर्जियनांकडे. दोन्ही जागा भरलेल्या. मग वेगळं काहीतरी पाहिजे, उदाहरणार्थ कॅसलमध्ये घोडदळ ठेवलं की ते बरं होऊन बाहेर पडताना थोडा वेळ जास्त वेगाने पळेल असं काही. असं कोणाकडे नाही आणि गनिमी काव्याला धरून आहे. बोनस सुचवताना आधीच्या सगळ्या सिव्हचा टेक ट्री (कोणाला काय मिळतं त्याचा तक्ता) उघडून बघायची सवय लावून घ्या, अर्ध्या चाहत्यांच्या सिव्ह इथेच फसतात कारण त्यांनी सुचवलेली गोष्ट आधीपासून कुठेतरी असते.

भाषा मराठी, जिवंत आहे, आवाज देणारे ढिगाने मिळतील. वंडरसाठी हेमाडपंती देऊळ किंवा देवगिरीचा किल्ला. आणि छत्री? आज दख्खनचं काय ते द्रविडियनांच्या खात्यात टाकावं लागतं आणि ते तमिळ बोलतात, म्हणजे छत्री ताणलेली आहेच.

आता विरुद्ध बाजू, कारण ती लिहिली नाही तर तो अंदाज नाही, ते निवेदन झालं. भारताला २०२२ ला पूर्ण डीएलसी मिळून गेलीये. अलेक्झांडरवाल्या क्रॉनिकल्स मध्ये २०२५ ला पुरू आले, म्हणजे भारताला परत एकदा हात लावून झाला. त्याच वर्षी एज फोर मध्ये तुघलक आले, तेच ज्यांनी १३२७ ला राजधानी देवगिरीला आणून तिचं दौलताबाद केलं. एकाच कंपनीच्या खेळांमध्ये भारताचा वाटा बऱ्यापैकी होऊन गेलाय. भारताची दुसरी डीएलसी येईलच, पूर्व युरोपला पण दोनदा मिळालं, पण लगेच नाही. आणि आली तर दख्खनला स्पर्धा आहे, कन्नड आहेत, ओडिशाचे गजपती आहेत, सिंहली आहेत. मी पुढच्या दोन डीएलसींसाठी याला दहात एक देतो. प्रेमाने दहात नऊ दिले असते, पण मग अंदाज कशाला म्हणायचं.

इतिहासाचा भाग झाला, आता खुणांचा. खुणांना वजन द्यायला शिका, सगळ्या सारख्या नसतात. डेव्हलपरनी स्वतः सांगितलेलं सगळ्यात वर, म्हणजे किती सिव्ह, साधारण कधी, कॅम्पेन आहेत की नाहीत. त्याखाली स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) दिसणाऱ्या नोंदी, डीएलसीची नोंद नाव लपवून आधी बनते आणि ती दिसली की काहीतरी येतंय एवढं पक्कं, काय येतंय ते नाही. त्याखाली पॅचमधल्या फाइल्स, कधी आयकॉन, कधी इमारतीचं मॉडेल, कधी अर्धवट स्ट्रिंग (गेममधल्या मजकुराचा तुकडा) चुकून राहून जाते. फाइल्सचं वजन जास्त वाटतं पण एक लक्षात ठेवा, डेव्हलपर प्रयोग करून सोडून दिलेल्या गोष्टी पण तिथे पडून असतात, आणि सिनॅरिओ एडिटरसाठी बनवलेल्या पण. आयकॉन सापडला म्हणजे सिव्ह सापडली असं नाही. त्याखाली टीझरचे फोटो, आणि सगळ्यात खाली "माझा एक मित्र तिथे काम करतो".

खोटे लीक (आधीच फुटलेली म्हणून फिरणारी माहिती) ओळखायला फार अवघड नसतात. खोट्या लीकमध्ये सगळ्या लोकप्रिय सिव्ह एकत्र असतात, कारण बनवणाऱ्याला लाइक पाहिजे असतात, आणि खरी डीएलसी नेहमी कोणाला तरी नाराज करते. खोट्यात कॅम्पेनबद्दल काहीच नसतं किंवा नुसतं राजाचं नाव असतं. आयकॉन बघा, बऱ्याचदा ते कुठल्या तरी मॉडमधून उचललेले असतात, चौकटीची जाडी आणि रंगाची शैली गेमशी जुळत नाही. आणि बोनस वाचा, गेममध्ये बोनस लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, टक्केवारी कुठल्या एजला (गेममधल्या टप्प्याला) किती ते स्पष्ट असतं, खोट्यात ते कादंबरीसारखं लिहिलेलं असतं. एक विनंती पण आहे, खरा लीक सापडला तर शीर्षकात उघड करू नका, ज्यांना जाहीर होईपर्यंत थांबायचंय त्यांची मजा जाते. आणि डेव्हलपरना वैयक्तिक मेसेज करून पिडू नका, त्यांना सांगता येत नसतं.

थ्री किंगडम्सची गोष्ट प्रत्येकाने नीट समजून घ्यावी कारण तिथे भल्याभल्यांचे अंदाज कोसळले. पाच सिव्ह येणार आणि चीनच्या आसपासच्या, एवढं कळलं होतं. बहुतेक जाणकारांच्या यादीत खितान, जुर्चेन, तंगुत, तिबेटी आणि बाय, म्हणजे नानझाओ-दालीवाले, असे पाच होते. छत्री फोडायच्या नियमाने हे अगदी बरोबर होतं. एप्रिल २०२५ ला जाहीर झालं आणि आले कोण, तर खितान, जुर्चेन, आणि शू, वेई, वू. तिसऱ्या शतकातली तीन चिनी राज्यं, जी तिघंही चिनीच आहेत, वर त्यांच्याबरोबर लिऊ बेई आणि साओ साओ सारखे हिरो साध्या रँक्ड मॅचमध्ये (क्रमवारीसाठीच्या ऑनलाइन सामन्यात) बनवता येणार. लोक भडकले आणि मला वाटतं बरोबरच भडकले, कारण गेमच्या दोन जुन्या सवयी एकाच वेळी मोडल्या होत्या.

पण अंदाज बांधणाऱ्याने इथे रागाच्या पुढे जाऊन बघायचं. आपण इतिहासाचा नकाशा बघत होतो आणि बाजाराचा नकाशा बघितलाच नाही. थ्री किंगडम्स हा विषय पूर्व आशियात प्रचंड विकला जातो, त्यावर कितीतरी गेम आधीच आहेत, आणि विकणाऱ्याच्या बाजूने ते किती सोपं आहे हे आधी दिसायला हवं होतं. तिबेटींचं पण तसंच. गेमच्या काळात तिबेटी साम्राज्य एवढं मोठं होतं की आठव्या शतकात त्यांनी तांग राजधानी चांगआन काही दिवस ताब्यात घेतली होती, इतिहासाच्या निकषावर ते पहिल्या पाचात येतात. पण २००४ ला चीनने हार्ट्स ऑफ आयर्न वर बंदी घातली होती आणि त्यातलं एक कारण तिबेट वेगळा देश दाखवला हे होतं. चीनमध्ये विकायचंय अशी कंपनी हे विसरत नसते. म्हणून माझ्या शीटमध्ये आता एक रकाना आहे, ही सिव्ह आणली तर कोणता देश खूश होईल आणि कोणता अडवेल. तो रकाना भरायला आवडत नाही, पण भरतो.

आता लिहून कसं ठेवायचं. प्रत्येक नावापुढे दहात किती चान्स, तारीख, आणि दोन ओळी, का वाटतं आणि काय दिसलं तर मत बदलेन. तारीख फार महत्त्वाची, नाहीतर जाहीर झाल्यावर सगळेच म्हणतात की मी तर आधीच म्हणालो होतो. एकदा लिहिलं की मागे जाऊन खोडायचं नाही, मत बदललं तर खाली नवीन तारीख टाकून नवीन ओळ. ग्रुपमध्ये चार-पाच जण मिळून केलं तर अजून चांगलं, एकाला आफ्रिका माहीत असते, एकाला युरोप, एक जण फाइल्स बघणारा असतो, आणि वाद पण जरा मुद्द्याला धरून होतात.

माझ्या शीटवर सध्या सगळ्यात वर आफ्रिका आहे, दहात चार. शेवटची आफ्रिकन डीएलसी २०१५ ची, म्हणजे गॅप सगळ्यात मोठा. सोमाली, स्वाहिली, न्यूबियन, कानेम-बोर्नू, कांगो, एवढी नावं रिकामी पडलीयेत. त्यात मला सोमालींची केस सगळ्यात पक्की वाटते. १५२९ पासून सोमाली भागातल्या अदल सल्तनतीचा इमाम अहमद इथिओपियावर चालून जातो, जवळजवळ सगळं राज्य घेतो, इथिओपिया पोर्तुगीजांना हाक मारतो, १५४१ ला वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाँ बंदुकधारी सैनिक घेऊन उतरतो, दुसऱ्या बाजूने ऑटोमन तुर्क अदलला बंदुका आणि माणसं देतात, १५४२ ला क्रिस्तोव्हाँ पकडला जाऊन मारला जातो आणि १५४३ ला इमाम स्वतः लढाईत पडतो. इथिओपियन, पोर्तुगीज आणि तुर्क तिघंही गेममध्ये आधीपासून आहेत, फक्त ज्याची गोष्ट आहे तोच नाही. शेजारी म्हणून स्वाहिली येतील, किल्व्याची मोठी मशीद वंडर म्हणून, इब्न बतूता तिथेही १३३१ ला जाऊन आलाय. बाजाराच्या रकान्यात मात्र ही केस हलकी आहे, आणि म्हणूनच चारच्या वर जात नाही. एखाद्या पॅचमध्ये आफ्रिकन इमारतींचा दुसरा सेट किंवा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा नवीन मॅप दिसला तर मी त्याच दिवशी सहा करेन, आणि आधी सॅरासेन्स फोडल्याची खबर आली तर दोनवर आणेन.